घरटी वाटा

बोगुमिला बोलायची कमी आणि विसरायची त्याहून कमी. पोलंडमधल्या पाबियानित्सेच्या मोज्यांच्या गिरणीत तिनं तेवीस वर्षं काढली. मोज्यांची बोटांकडची तोंडं शिवायच्या खात्यात दिवसाला शेकडो जोड हाताखालून जायचे, पण एखाद्या मोज्यात टाका सुटलेला असला तर तो तिच्या नजरेतून निसटत नसे. लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, मोडलं. का मोडलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. स्टेशनामागच्या चार मजली इमारतीत दोन खोल्या होत्या, त्यात ती एकटी राहायची. थोरला भाऊ झेनॉन, त्याच्या पाठची ही, मग लुचियान आणि शेंडेफळ बोझेना.

वडील गेले त्या वर्षी आई झेनॉनकडे राहायला गेली आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण, सगळ्या कुटुंबाचं मिळून असायचं ते, झेनॉनच्या बायकोच्या, रेगिनाच्या ताब्यात गेलं. रेगिना कामाला वाघ, आणि तोंडाला दोन वाघ. सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, सगळी भावंडं वडिलांच्या थडग्यावर दिवे लावून तिच्याकडे चहाला जमली. केक संपला तशी तिनं चौकटीची वही काढली.

"चार घरं, चार वाटे," ती म्हणाली. "घरटी ऐंशी झ्वॉटी. माणसं मोजत बसलं की भांडणं होतात, घर मोजलं की प्रश्नच मिटला."

बोझेनानं नवऱ्याकडे पाहिलं, लुचियाननं पाकीट काढलं. बोगुमिलानंही ऐंशी मोजून दिले. आईनं मान डोलावली. म्हणजे ठरलं.

तेव्हापासून दर वर्षी घरटी. आकडा वाढत गेला आणि घरंही वाढत गेली. झेनॉनकडे मुलगा कर्ता झाला, सून आली, दोन नातवंडं झाली, आई धरून सात माणसं. लुचियानकडे पाच. बोझेनाकडे चार. बोगुमिलाच्या घरात बोगुमिला. तिचं पोट काही वाढलं नाही, पण तिचा वाटा सगळ्यांच्या बरोबरीनं वाढत राहिला. एवढं करून बसायला मिळायचं कुठं, तर मागच्या खोलीत, पोरांच्या टेबलापाशी. "मोठ्या टेबलाला जागा पुरत नाही गं, आणि पोरं तुझं ऐकतात," रेगिना म्हणायची. मोठ्या टेबलावर मात्र रीतीप्रमाणे एक जास्तीचं पान मांडलेलं असे, वाट चुकून दाराशी येईल त्या अनोळखी पाहुण्यासाठी. तो पाहुणा कधी आला नाही. त्याची खुर्ची दर वर्षी रिकामी, आणि सख्खी नणंद स्टुलावर, पोरांच्या माशातले काटे काढत. उरलंसुरलं रेगिनाच्या फ्रीजमध्ये जायचं. "डबे कुठं शोधत बसू आता," असं म्हणून.

हे सगळं बोगुमिलानं गिळलं असतं. माणूस गिळतं. पण दोन हजार तीन साली गिरणीला कुलूप लागलं. बेकारभत्ता पाचशेच्या आसपास, त्यातलं अर्धं खोलीभाड्यात आणि कोळशात जायचं. त्या वर्षीचा वाटा दोनशे ठरला. एक नोव्हेंबरला ती चहाआधीच रेगिनाच्या स्वयंपाकघरात गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, यंदा शंभर घे. पुढच्या वर्षी भरून काढते."

रेगिनानं तेवढ्याच हळू आवाजात उत्तर दिलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. तिनं केकची थाळी उचलली, बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बोगुशा सूट मागतेय. मी म्हणते, तुला नवरा नाही, पोरं नाहीत, तू पैसे उडवतेस तरी कुणावर? आज तुला सूट दिली की उद्या लुचियान मागेल. नियम म्हणजे नियम."

रिशार्द, बोझेनाचा नवरा, खिडकीबाहेर बघायला लागला. झेनॉननं चहात साखर ढवळली, ती विरघळून गेल्यावरही बराच वेळ ढवळली. बोगुमिला आईकडे पाहत होती. आई केकचा चुरा बोटानं गोळा करत होती.

त्या आठवड्यात बोगुमिलानं विणकामाचं यंत्र विकलं. गिरणी बुडाल्यापासून त्याच्यावर शेजारपाजाऱ्यांचे स्वेटर काढून ती दोन पैसे मिळवत होती. दोनशे झ्वॉटी रेगिनाच्या हातावर ठेवले आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी नेहमीसारखी स्टुलावर बसली.

दीड वर्षानं तिला शाळेच्या मुदपाकखान्यात काम मिळालं. तिथं ती एक गोष्ट फार चांगली शिकली: वाढप. दर पोरामागे भात किती, सार किती पळ्या, माशाचा तुकडा किती ग्रॅमचा, सगळं काट्यावर. वर्षभरात तिचा हात असा बसला की काट्याशिवायही पाच ग्रॅम इकडचे तिकडे होत नसत.

नऊ वर्षं गेली. दोन हजार बाराच्या डिसेंबरात पहिल्याच बर्फात रेगिना बसथांब्यावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर कोपरापर्यंत. झेनॉनचा फोन आला. "तुझी वहिनी म्हणतेय, यंदा स्वयंपाकाचं तू बघ. तू मोकळीच असतेस."

"बघते की," बोगुमिला म्हणाली.

ती गेली तेव्हा रेगिना सोफ्यावर बसून होती, हात उशीवर. बाराशे झ्वॉटी आणि वही तिनं डाव्या हातानं पुढं सरकवली. "घरटी तीनशे. काय किती आणायचं ते मागच्या वर्षीच्या पानावर आहे. आणि कार्प जिवंतच आण, मेलेला मासा मी घरात येऊ देणार नाही."

रेगिना औषध घ्यायला आत गेली. बोगुमिलानं खसखस किती लागते ते बघायला वही उघडली. सोळा वर्षं त्या एकाच वहीत होती. पानं मागं मागं जात राहिली आणि दोन हजार तीनच्या पानावर थांबली. रेगिनाचं अक्षर टपोरं, शाळकरी: झेनॉन २००. बोगुमिला २००. बोझेना २००. लुचियान – माफ. गाडी घेतली आहे. आई म्हणाली, राहू दे. त्याखाली: तूट मागच्या शिलकेतून.

तिनं ते दोनदा वाचलं. म्हणजे सूट मिळत होती. ज्याच्या दारात नवी गाडी उभी होती त्याला मिळाली होती. शिल्लकही होती. आणि आई, जी केकचा चुरा गोळा करत होती, तिच्या तोंडात शब्द होता. फक्त तो दुसऱ्या लेकरासाठी राखून ठेवला होता.

रेगिना परत आली तेव्हा वही मिटलेली होती. "खसखस वाटायचं यंत्र कुठं ठेवलंयस?" बोगुमिलानं विचारलं. "आणि वही घेऊन जाते. हिशेब लिहायला बरी."

त्या बाराशेंतला एक ग्रोशही तिनं इकडचा तिकडे केला नाही. तिला चोख राहायचं होतं, कुणाला बोट ठेवायला जागा नको होती. पाच कार्प आणले, चांगले दोन-दोन किलोंचे. ते दोन दिवस रेगिनाच्या न्हाणीतल्या टबात फिरत होते आणि नातवंडं त्यांना नावं देत होती. सुकी अळंबी बाजारातल्या म्हातारीकडून घेतली, रानातली, वासाची. तेवीस तारखेला सकाळपासून ती झेनॉनच्या स्वयंपाकघरात उभी होती. बिटाचं सार आंबवून मुरत ठेवलेलं होतं. कोबी-अळंब्यांच्या उकडायच्या करंज्या केल्या, बरोबर शंभर. हेरिंग मासळी तेलातली वेगळी, सायीतली वेगळी. खसखशीचे रोल दोन. रीतीप्रमाणे बारा पदार्थ, एकही कमी नाही. रेगिना दारातून डोकावून चव घ्यायची. "मीठ बेताचंच टाकलंस," असं म्हणायची, म्हणजे खोड काढायला काही सापडत नव्हतं.

"वहिनी, पोरांना मागच्या खोलीत बसवायला नको यंदा," बोगुमिला म्हणाली. "शेजारच्यांची टेबलं आणू, सगळे एकाच खोलीत बसू."

"हे बरं सुचलं तुला," रेगिना म्हणाली. "फोटोही चांगले येतील."

चोवीस तारखेला चार वाजता अंधार पडू लागला. लुचियानची धाकटी पोर खिडकीला नाक लावून पहिला तारा शोधत होती, तो दिसल्यावरच जेवायला बसायची रीत. ती ओरडली तसे सगळे उठले. मग पवित्र पापडी वाटून घेण्याची वेळ. ज्याच्या त्याच्या हातात ती पांढरी पातळ पापडी, एकमेकांच्या पापडीचा तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा, वर्षभराचं मनातलं काढून टाकायचं आणि शुभेच्छा द्यायच्या.

रेगिनानं डाव्या हातानं तिची पापडी मोडली. "तुला आरोग्य लाभो, बोगुशा. आणि एखादा बरा माणूस. अजून वेळ गेलेली नाही."

बोगुमिलानं तिच्या पापडीचा कोपरा मोडला. "तुझ्या नियमाला उदंड आयुष्य लाभो, वहिनी," ती म्हणाली आणि तुकडा चावून गिळला.

रेगिना हसली. तिला वाटलं, स्वयंपाकाचं कौतुक आहे.

खोलीत चार टेबलं होती. पांढरी चादर, खाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून रीतीचं गवत, प्रत्येकावर कागदाची घडी आणि तीवर नाव: झेनॉनचं घर. लुचियानचं घर. बोझेनाचं घर. खिडकीजवळच्या लहान टेबलावर: बोगुमिलाचं घर. तिथं दोन पानं होती, एक तिचं आणि एक अनोळखी पाहुण्याचं. लोक हसत हसत आपापल्या जागी बसले. काहीतरी खेळ आहे असं त्यांना वाटलं.

मग बोगुमिला थाळे आणू लागली. स्वयंपाकघराचं दार लावून, घरून आणलेल्या काट्यावर तिनं सगळं आधीच वाटून ठेवलं होतं. प्रत्येक टेबलावर साराचं एक पातेलं, सारखं. करंज्या पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. हेरिंगचे चार-चार तुकडे. खसखशीचा अर्धा-अर्धा रोल. तळलेल्या कार्पचे पाच कार्पांतून वीस तुकडे झाले होते, प्रत्येक थाळ्यात पाच. झेनॉनच्या टेबलावर सात माणसं आणि पाच तुकडे. खिडकीजवळ एक बाई आणि पाच तुकडे.

"बाकीचं कधी आणतेस?" रेगिनानं विचारलं.

"बाकीचं काही नाही. एवढंच आहे." बोगुमिला आपल्या टेबलाशी बसली आणि नॅपकिन उलगडला.

"हे काय आहे?"

"घरटी."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग रिशार्दला कळलं. तो पोटानं मोठा आणि हिशेबात पक्का. त्यानं आपल्या थाळ्यातले तुकडे मोजले, चार माणसं मोजली आणि मान हलवली. "आमचं बरोबर बसतंय की. एक तुकडा वरच आहे." बोझेनानं टेबलाखालून त्याला लाथ मारली.

झेनॉन हसला. "बरं, गंमत झाली. आता आण त्यातला थोडा इकडं."

"गंमत नाही, दादा. चार घरांनी तीनशे-तीनशे दिले. चार घरांना सारखं वाढलं. काटा आत आहे, मोजून बघ. पावत्या वहीत लावल्यात."

"माणसं बघून वाढतात," रेगिनाचा आवाज चढला. "माझ्याकडे सात तोंडं आहेत."

"पैसे घेताना तोंडं मोजली नव्हतीस. माणसं मोजली की भांडणं होतात, तूच म्हणाली होतीस." तिनं माशाचा पहिला तुकडा पानात घेतला आणि काटे बाजूला काढू लागली. या वेळी स्वतःच्या माशातले.

"अगं, सणाचा दिवस आहे. लहान पोरं आहेत."

"तुझी माणसं काय कमी आहेत, वहिनी? त्यांच्यात कसं भागवायचं ते तुला ठाऊक. मी एकटी. माझं कुणावर उडतच नाही."

ते वाक्य खोलीतल्या निम्म्या लोकांना आठवलं. लुचियाननं काटा-चमचा खाली ठेवला. "ताई, तू अजून ते धरून बसलीयस?"

बोगुमिलानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरून वही उचलली, पान काढलं आणि उठून त्याच्यापुढं ठेवलं. "मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं नाही, नुसतं बघितलं. कानापर्यंत लाल झाला. त्याच्या बायकोनं मान वाकवून वाचलं आणि तिनं मात्र मोठ्यानं वाचलं, सगळं, 'आई म्हणाली, राहू दे' पर्यंत.

"मला वाटलं, त्या वर्षी मागाहून सगळ्यांनाच माफ झालं," लुचियान म्हणाला.

"मी यंत्र विकलं त्या वर्षी," बोगुमिला म्हणाली.

रेगिनानं सासूकडे पाहिलं, जणू आता तुम्हीच काय ते निस्तरा. म्हातारी चौऱ्याऐंशीची. तिनं हातातला पाव खाली ठेवला.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याची तीन पोरं लहान. तू एकटी. तुझं भागतं असं वाटलं मला."

"विचारलं नाहीस, आई."

"नाही विचारलं."

झेनॉनच्या टेबलावर पाच तुकड्यांचे सात वाटे होत होते. आपल्या वाट्याचा तुकडा आईनं मोठ्या पणतवाच्या पानात सरकवला आणि स्वतः पाव सारात बुडवून खाल्ला. बोगुमिलाला ते दिसत होतं. मधे चार हातांचं अंतर होतं आणि तिच्या थाळ्यात अजून तीन तुकडे होते. तिचा हात थाळ्याकडे गेला. तिनं तिसरा तुकडा स्वतःच्याच पानात घेतला. नंतर तिनं एकदा बोझेनाला सांगितलं की तो घशाखाली उतरायला वेळ लागला, पण उतरला.

लुचियानच्या पोरांना बोझेनाच्या टेबलावरून करंज्या गेल्या. बोगुमिलानं पोटभर खाल्लं, सावकाश, सगळ्या बारा पदार्थांची चव घेऊन. मग पिशवीतून डबे काढले. सहा डबे होते, झाकणांसकट. राहिलेले दोन तुकडे, करंज्या, रोल, सारसुद्धा, आपल्या टेबलावरचं सगळं भरून घेतलं. भांडी होती तिथंच राहू दिली. कोट चढवला आणि पायी घरी गेली. चार दिवस ती तेच खात होती. पाचव्या दिवशी करंज्यांकडे बघवेना, तरी तिनं फेकल्या नाहीत, तळून संपवल्या.

रेगिनानं गावभर केलं. देवजन्माच्या संध्याकाळी लहान लेकरांच्या तोंडचा घास काढला, असं ती चर्चच्या पायऱ्यांवर सांगत होती. काही बायकांनी मान डोलावली. बेकरीतल्या बाईनं बोगुमिलाला तोंडावर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वीस तुकडे होते, चार जागी वाटले. एखादा जास्त-कमी निघाला असेल तर वहिनीला सांगा, मी भरून देते." बेकरीतली बाई हसून हसून पाव मोजायचे विसरली. तिला तीन भावजया होत्या.

जानेवारीत लुचियान आला. पाकिटात दोनशे झ्वॉटी होते. बोगुमिलानं त्याच्यासमोर मोजून घेतले.

"व्याज लावायचंय का, ताई?" त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"तुझ्याकडून नको. तुला माहीत नव्हतं." तिनं त्याला चहा दिला. केक दिला नाही.

झेनॉन आला नाही. रेगिनाचा फोन नाही. आईला भेटायला बोगुमिला महिन्यातून एकदा जायची, रेगिना कामावर असेल अशा वेळी. तब्येतीचं, औषधांचं बोलून परत यायची. आई तिच्या तोंडाकडे बघत राहायची, काहीतरी निघेल म्हणून. बोगुमिला औषधाच्या गोळ्या मोजून डबीत भरायची आणि उठायची. एवढं करून तिला बरं वाटत होतं का, हे बोझेनानं तिला एकदा विचारलं. "झोप चांगली लागते," ती म्हणाली.

पुढच्या एक नोव्हेंबरला सगळे पुन्हा थडग्यापाशी जमले. रेगिना दिव्याची काच पुसत राहिली, वर बघितलं नाही. झेनॉन बहिणीला बाजूला घेऊन गेला.

"यंदापासून दर माणशी ठरलंय," तो म्हणाला. "सतरा माणसं, बाराशे झ्वॉटी. तुझे सत्तर आणि वर साठ ग्रोश. साठचं राहू दे."

"कशाला राहू दे?" तिनं पर्स उघडली आणि नोटा, मग नाणी, बरोबर मोजून त्याच्या हातमोज्यावर ठेवली.

चोवीसला ती गेली. आता मोठ्या टेबलाला दुसरं टेबल जोडलं होतं आणि सगळे एकाच पंगतीला होते. तिला रिशार्दच्या शेजारी जागा होती, समोर आई. रेगिनानं स्वतः वाढलं. बरा झालेला उजवा हात अजून जरा आखडायचा. बोगुमिलाच्या पानात तिनं मधला तुकडा टाकला, मोठा, आणि पुढं गेली. पापडी मोडताना तिनं फक्त "आरोग्य" एवढंच म्हटलं होतं. बोगुमिलानंही तेवढंच म्हटलं होतं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा आईनं आपला माशाचा तुकडा काट्यावर घेतला, टेबलापलीकडे नेला आणि मुलीच्या पानात ठेवला. रेगिना बघत होती, झेनॉन बघत होता.

बोगुमिलानं तुकडा उचलला आणि सांभाळून, न मोडता, आईच्या पानात परत ठेवला.

"माझा वाटा मला मिळालाय, आई," ती म्हणाली. "तू खा. गार होईल."

म्हातारीनं मान खाली घातली आणि माशातले काटे काढायला लागली.